बहुभाषिक व्हा, स्वभाव बदला: नवशिक्यांसाठी रावेर मार्गदर्शिका

ही पुस्तिका कोणासाठी

नवी भाषा शिकली की माणूस आतून बदलतो, मन मोठं होतं, स्वभाव खुलतो, असं कुठल्या तरी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात ऐकून जे अस्वस्थ झाले आहेत, त्यांच्यासाठी. जर्मनच्या वर्गाची फी विचारून जे आल्या पावली परत फिरले, त्यांच्यासाठी. आणि बँकेत, पंचायत समितीत किंवा शाळेवर बदली होऊन जे रावेरला निघाले आहेत आणि ‘तिकडे काय, मराठीच बोलतात ना?’ असं म्हणत ट्रंक भरत आहेत, त्यांच्यासाठी तर खास.

येण्याचा मार्ग सोपा आहे. भुसावळला खंडव्याकडे जाणारी गाडी धरावी. दुसखेडा, सावदा, निंभोरा, मग रावेर. डुलकी लागली तर वाघोडा आणि त्यापुढे बुऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे केळी. एवढ्याशा पट्ट्यात लेवा गणबोली, तावडी, गुजरी, तडवींची बोली, पावरी-बारेला, उर्दू, मारवाडी, थोडी निमाडी आणि या सगळ्यांवर अंथरलेली हिंदी एवढं सगळं नांदतं. शाळेतली मराठी आहेच, पण ती शाळेत.

लागणारे साहित्य: दोन कान, एक छोटी वही (खिशातच ठेवावी, वही निघाली की माणसं भाषणासारखं बोलू लागतात) आणि चहापुरते सुटे पैसे. ‘आपण शुद्ध बोलतो’ ही समजूत घरीच ठेवून यावी. सामानात फार जागा अडवते.

पहिला धडा: सगळ्याला अहिराणी म्हणू नये

हा अपघात नवा माणूस पहिल्याच दिवशी करतो. जळगाव म्हणजे खानदेश आणि खानदेश म्हणजे अहिराणी, असा हिशेब करून तो टपरीवर जातो आणि यूट्यूबच्या गाण्यांतून उचललेलं ‘कसा शे भाऊ?’ ठेवून देतो. चहावाला हसतो आणि हिंदीत विचारतो, “शक्कर कम या ज्यादा?”

अहिराणीचं घर धुळे, नंदुरबार आणि जळगावचा पश्चिम भाग, म्हणजे अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडचा मुलूख. रावेर-यावलकडे ‘शे’ नाही, ‘हाये’. इथे ‘मले’ आणि ‘तुले’ आहे, केळीची केयी होते आणि डोळ्याचा डोया. बहिणाबाई चौधरींची कविता अहिराणीत आहे, हे वाक्य महाराष्ट्रभर बिनधास्त चालतं. रावेरात ते म्हणून पाहा, चहाचे पैसे तुमच्याकडे. बहिणाबाई (1880–1951) आसोद्याच्या, आणि बोलायच्या ती लेवा बोली. पाहुण्यांना सगळं एकच वाटतं याचं फार वाईट वाटून घेऊ नये. मोठमोठ्यांची इथे दमछाक झाली आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1907 सालच्या खंडात खानदेशीला (अहिराणी त्यातच आली) भिल्ली भाषांच्या पंगतीत बसवलं. आजची जनगणना तिला मराठीपासून वेगळी मोजते, आणि 2011 च्या मोजणीत ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारे 18 लाखांहून अधिक निघाले. लेवा गणबोली आणि तावडी बोलणारा माणूस मात्र मोजणीदारासमोर सहसा ‘मराठी’ म्हणून मोकळा होतो.

दुसरा धडा: कटाईच्या दिवशी बांधावर उभे राहणे

हा या पुस्तिकेचा गाभा आहे. बाकीचं वगळलं तरी चालेल, हे करावंच.

सकाळी लवकर पोहोचा. ट्रक लागलेला असतो, आत केळीच्या पानांचं अंथरूण. बागमालकाला आपण अण्णा म्हणू. तुम्ही एका बाजूला उभे राहून नुसते अण्णांचा आवाज ऐका.

घरी फोन जातो: “माय, चहा धाड ना लवकर, लोकं उभे हायेत.” साठीला आलेला माणूस या वाक्यात धाकटा मुलगा असतो, थोडा लाडावलेला. फोन ठेवताच कटाईच्या टोळीच्या मुकादमाला हिंदीत: “ए भाई, आराम से, घड पटकना मत!” इथे अण्णा मालक आहेत, छाती एक इंच पुढे. मग दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन. पुन्हा हिंदीच, पण ही दुसरी हिंदी. “सेठजी, बुऱ्हाणपूर का लिलाव तो आपने भी देखा होगा जी.” तिसऱ्या शब्दाला ‘जी’, आवाजात तूप, आणि भावात मात्र रुपयाची सूट नाही. तुम्हाला वाटेल हा माणूस किती मऊ आहे. पलीकडचा सेठ तसं समजत नाही, तोही याच शाळेतला.

तेवढ्यात कृषी खात्याचे साहेब मोटारसायकलवरून येतात. शेजारच्या बागेत सीएमव्ही आलाय, म्हणजे कुकुंबर मोझॅकचा रोग. अण्णा टोपी सारखी करतात आणि तोंडातून निघतं: “साहेब, पंचनामा कधीपर्यंत होणं अपेक्षित आहे?” ‘अपेक्षित’! हा शब्द अण्णांच्या घरात कोणी कधी उच्चारलेला नाही. तो साहेबांसाठी कपाटात ठेवलेला असतो, पाहुण्यांच्या कपबशीसारखा. शेवटी पुण्यात आयटीत असलेल्या मुलीचा फोन येतो. ती अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते आणि अण्णा फक्त “हो… हो… ओके बेटा” करतात. इतका वेळ बाग गाजवणारा माणूस एकदम मितभाषी.

नवशिक्याने इथे वहीत लिहावं: ‘अण्णांची पाच व्यक्तिमत्त्वं.’ लिहून झालं की लगेच खोडावं, कारण हिंदी एकच होती आणि माणसं दोन दिसली. मुकादमाशी बोलताना आणि सेठशी बोलताना व्याकरण तेच होतं. बदललं ते एवढंच, की कोणाला कोणाची गरज आहे.

आता अण्णांवरून नजर काढा आणि मुकादमाकडे वळवा. तो तडवी. घरी तडवी, अण्णांशी त्यांच्याच वळणाची मराठी, ड्रायव्हरशी हिंदी, आणि टोळीतल्या पावरा पोरांना हाका मारण्यापुरती पावरी. त्याच्याही खाली, डोक्यावर घड घेऊन ट्रककडे जाणारा तो पोरगा पाहा. सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरचा. पाड्यावर पावरी, मुकादमाशी तडवी-हिंदीची सरमिसळ, बागमालकांकडून कानावर पडून आलेली लेवा, आश्रमशाळेतली पुस्तकी मराठी, आणि एखाद-दुसरा हंगाम ऊसतोडीला गुजरातेत काढला असेल तर कामापुरती गुजराती. बांधावर सगळ्यात जास्त भाषा येणारा माणूस हा, आणि त्याला कोणी विचारलेलंच नाही. अण्णांच्या बागेत दोन पिढ्या पावरी माणसं राबली. अण्णांना पावरीत पाणी मागता येत नाही. मागावं लागलंच नाही कधी.

शास्त्राधार, ज्यांना लागतो त्यांच्यासाठी

अण्णांवर विश्वास नसेल तर संशोधनावर ठेवा. भाषा बदलली की माणूस बदलतो का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांना जुनाच आहे. अमेरिकेत सुसान अर्विन-ट्रिप यांनी 1960 च्या दशकात द्विभाषिकांना चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावल्या, अर्धवट वाक्यं पुरी करायला लावली. फ्रेंच आणि इंग्रजी येणाऱ्यांच्या गोष्टी भाषेगणिक वेगळ्या निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या जपानी बायकांना विचारलं, तुमची इच्छा घरच्यांच्या इच्छेच्या आड आली तर काय? जपानीत त्या दुःखाचं बोलल्या, इंग्रजीत म्हणाल्या, मला हवं ते मी करते. त्याच बायका.

पुढे 2006 साली रामिरेझ-एस्पार्झा आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्यांना स्वभावाची प्रश्नावली दोन्ही भाषांत भरायला दिली. इंग्रजीत तीच माणसं जास्त मोकळी, जास्त मनमिळाऊ, जास्त शिस्तीची दिसली. शिबिरवाले इथपर्यंत सांगतात आणि फीची पावती फाडतात.

पुढचं ते सांगत नाहीत. फ्रान्स्वा ग्रोजाँ हे द्विभाषिकतेचे जुने अभ्यासक म्हणतात की बदलतो तो प्रसंग आणि समोरचा माणूस. भाषा त्यांच्याबरोबर येते म्हणून श्रेय तिला मिळतं. लंडनचे झाँ-मार्क द्वाएल आणि ली वेई यांनी 2158 लोकांच्या उत्तरांवर दोन निबंध लिहिले. एकात दिसलं की बऱ्याच भाषा चांगल्या येणाऱ्यांना अनिश्चितता जास्त सोसते. काही कळलं नाही तरी घाम फुटत नाही. पण जन्मापासून घरात दोन-तीन भाषा होत्या, एवढ्यानं फरक पडत नव्हता. दुसऱ्यात दिसलं की किती भाषा येतात यावर समोरच्याचं मन ओळखण्याची हातोटी ठरत नाही. त्या भाषा रोज किती वापरता, यावर तिचा धागा लागतो. हे सगळं लोकांनी स्वतःबद्दल भरलेल्या उत्तरांवरून, हे लक्षात ठेवावं. आणि आधी भाषा की आधी स्वभाव, हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच. अनोळखी माणसात घुसणाऱ्यालाच भाषा लवकर येते, हे रावेरच्या बसस्टँडवर कोणीही सांगेल.

स्वभावचाचणी (घरी करून पाहावी)

मानसशास्त्रात हल्ली स्वभाव पाच खणांत ठेवतात: नव्याची ओढ, शिस्त, मोकळेपणा, मनमिळाऊपणा आणि चटकन अस्वस्थ होणं. प्रत्येकासाठी वाक्यं देतात आणि माणसाने ‘पूर्ण सहमत’ पासून ‘पूर्ण असहमत’ पर्यंत खूण करायची. ही चाचणी अण्णांवर करू नये. परिणाम असा होतो:

‘मी अनोळखी माणसांशी सहज बोलतो.’ अण्णा: “कोण अनोळखी? घेणारा का वसुलीवाला?”

‘मी माझ्या भावना उघडपणे व्यक्त करतो.’ अण्णा: “केयीचा भाव पडल्यावर का चढल्यावर?”

‘मला वादविवाद टाळायला आवडतं.’ इथे अण्णा पेन खाली ठेवतात आणि धाकट्या भावाबरोबरच्या बांधाच्या भांडणाची हकिकत सुरू करतात. ती जेवणाच्या वेळेपर्यंत चालते. भरीत-पुरी असेल तर थांबावं. प्रश्नावली कोरी राहिली तरी चालेल.

तिसरा धडा: खिडकीपाशी

आता कुठल्याही सरकारी खिडकीपाशी रांगेत उभे राहा. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत गेलात तर उत्तम, तेव्हा जातीच्या दाखल्यांची गर्दी असते. रांगेत कुठेतरी डोंगरातून आलेली एक बाई असेल, सोबत अकरा-बारा वर्षांचा मुलगा. बाईला पावरी येते, बाजारापुरती हिंदी येते. खिडकीच्या आतल्याला दोन्हीशी देणंघेणं नाही.

आतून प्रश्न येतो: “आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठंय?”

मुलगा वळून आईला सांगतो. आई बोलू लागते. पावरी येत नसली तरी तिच्या हातांवरून तुम्हाला साधारण कळेल: आजोबा शाळेत गेलेच नव्हते, शाळा होती तरी कुठे, मागच्या वेळीही हेच विचारलं होतं, एका दिवसाची मजुरी गेली, आणि बरंच काही. चांगलं मिनिटभर चालतं. मुलगा ऐकतो, खिडकीकडे वळतो आणि म्हणतो, “सर, आई विचारते, परत कधी येऊ?”

इथे नवशिक्याने थांबून पाहावं. घरी जो सगळ्यात धाकटा, तो खिडकीपाशी कुटुंबप्रमुख आहे. आईचा राग त्याने वाटेतच गिळला, कारण तो पलीकडे पोहोचला तर काम होणार नाही, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. आणि आतल्याचा तुसडेपणाही त्याने आईपर्यंत जसाच्या तसा नेलेला नसतो, याची मला खात्री आहे. दोन्ही बाजूंनी गाळून, मऊ करून. याला मनमिळाऊपणाच्या खणात टाकायचं की चटकन अस्वस्थ होण्याच्या? आमच्या शिबिरवाल्यांनी हा प्रश्न पुढच्या सत्रासाठी राखून ठेवला आहे.

वारंवार येणाऱ्या अडचणी

मी बोलीत बोलतो, समोरचा प्रमाण मराठीत उत्तर देतो. तुम्ही अजून ‘साहेब’ आहात. तुमचं उच्चारण नव्हे, तुमचे बूट ऐकले जात आहेत. दोन-तीन महिने जाऊ द्या, एखाद्या लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहा, मग पाहा.

मी बोलीत बोलतो, समोरचा हिंदीत उत्तर देतो. तुम्ही पुन्हा ‘शे’ म्हणालात.

मला राग आला. नव्या बोलीत रागावू नये. बहुभाषिकांना विचारलं तर बहुतेक जण सांगतात की शिवी आपल्या पहिल्या भाषेतलीच जोरात लागते. द्वाएल यांनी यावर बरंच काम केलं आहे. त्याची दुसरी बाजू अशी की परक्या भाषेतल्या शिवीचं वजन नवशिक्याला कळत नाही. तुम्ही चिमटा काढायला गेलात आणि कुऱ्हाड पडली, असं होतं. रावेरचे लोक राग आवरायचा असेल तेव्हा हिंदीत शिरतात, तेच करावं. हिंदीत भांडण थोडं नाटकासारखं होतं आणि दोघांनाही माघार घेता येते.

माझा मुलगा ‘मले’ म्हणू लागला. ही तक्रार बदलीवर आलेल्या पालकांकडून हमखास येते, आणि मोठ्या काळजीने. हेच पालक दहावीनंतर मुलाला फ्रेंच किंवा जर्मन देण्यासाठी धडपडतात, का, तर मेंदूला चालना मिळते, व्यक्तिमत्त्व घडतं. शेजारच्या अंगणात मुलाने फुकटात एक बोली उचलली की मात्र ‘बिघडला’. उपाय: काही करू नये. मुलगा शाळेत ‘मला’ आणि मैदानावर ‘मले’ असं आपोआप लावून घेतो. लावत नसेल तर घरी कोणीतरी त्याला हसतंय का, तेवढं पाहावं.

बुऱ्हाणपूरची सहल

वरचे धडे पचल्यावर एखाद्या रविवारी चोरवडची सीमा ओलांडून जाऊन यावं. एकेकाळी फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी तिथेच होती. राज्यांच्या रेषा पुढे कशाही फिरल्या तरी रावेरच्या केळीचा भाव अजून तिकडे बघूनच हलतो. तिथली जामा मशीद आवर्जून पाहावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजा अली खान आदिलशाह याने ती बांधली आणि आत अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरला. हा राजा मोकळ्या स्वभावाचा होता की धोरणी, यावर सहलीत वाद घालू नये, गाडी चुकते. तापीच्या व्यापारी वाटेवर बसलेल्या शहराच्या राजाला दोन्ही असावं लागत असणार.

शेवटचा धडा: ‘अवगत भाषा’ हा रकाना भरणे

नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, भरतीच्या अर्जात हा रकाना असतो. डावीकडे तीन नावं बहुधा आधीच छापलेली: मराठी, हिंदी, इंग्रजी. समोर वाचता, बोलता, लिहिता येते का, त्याच्या चौकटी. खाली कधीकधी ‘इतर’ म्हणून अर्धी ओळ.

बांधावरचा तो पोरगा आता भरतीचा अर्ज भरायला सायबर कॅफेत बसला आहे, असं समजा. कॅफेवाला टाइप करत विचारतो, “मराठी? हिंदी?” पोरगा दोन्हीला मान हलवतो. “इंग्लिश?” पोरगा गप्प. कॅफेवाला तिथे ‘नाही’ टाकतो आणि ‘इतर’ची ओळ न विचारता पुढच्या पानावर जातो. मागे रांग असते.

तुम्ही मात्र घाई करू नका. बदलीचा अर्ज भराल तेव्हा ‘इतर’पुढे बिनदिक्कत लिहा: लेवा गणबोली (प्राथमिक), पावरी (परिचय). मुलाखतीत साहेब चष्म्यावरून बघतील, हसतील आणि म्हणतील, “अरे वा, इंटरेस्टिंग. बोलून दाखवा पाहू.”

त्या वेळी ‘शे’ म्हणू नये.